पान उलटणारी

"आई आहेत का?" महोत्सवाच्या व्यवस्थापकाने विचारलं. त्याच्या मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "त्यांना म्हणावं, या वेळी नकार ऐकून घेणार नाही. पियानो आहे, पानं उलटायला माणूस हवंय आणि त्यांचंच नाव आलंय."

"आई गेली," मी म्हटलं.

"कुठे?"

मग त्याला कळलं. खुर्च्यांचा आवाज मात्र चालूच राहिला. त्याने दोनदा "अरेरे" म्हटलं, कधी, काय झालं होतं, ते विचारलं, आणि मग ज्याला काम तर आहे पण लाजही वाटते अशा माणसाच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला स्वरलिपी वाचता येते ना? त्या सांगायच्या. नाही, ही काय विचारायची वेळ आहे, कळतंय मला. पण उद्या तालीम आहे हो."

"कुणी नाव घेतलं आईचं?"

"ती नाही का, बारीकशी. रचना तिचीच आहे."

टाचणी. आईने तिला दिलेलं नाव. मी येते म्हटलं.

आई दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, नंबर राहत. "आज बाजारात उणे चार भेटले, फार खंगलेत," असं ती सहज सांगायची. लहानपणी ती पियानो शिकली होती, हात बेताचा आहे हे तिला लवकर कळलं आणि तिने ते मनाला लावून घेतलं नाही. संध्याकाळी मात्र सभागृहातून बोलावणं आलं की ती घट्ट बाह्यांचा काळा पोशाख चढवून निघायची. हातात काही नाही, अंगाला अत्तर नाही. वादकाच्या डाव्या बाजूला, जरा मागे खुर्ची. वेळ आली की आवाज न करता उठायचं, डाव्या हाताने स्वरलिपीच्या पानाचा वरचा कोपरा धरायचा, आणि उलटून पुन्हा नाहीसं व्हायचं. टाळ्या वाजतात तेव्हा वादक वाकतो. पान उलटणारी वाकत नाही. ती मांडीवर हात ठेवून बसून राहते.

"तुला कसं वाटलं गाणं?" मी लहानपणी विचारायची, आणि ती हसायची. "मी कुठे ऐकते? वाचायचं, ऐकायचं नाही. ऐकायला लागलं की संपलं."

आमच्या शहरातला महोत्सव आणि परदेशातला एक महोत्सव मिळून दरवर्षी चार नव्या रचनाकारांना हात देतात. शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलं असतात. त्यांच्या रचना आधी इथे वाजतात, त्यातली एक निवडून ते लोक आपल्याकडे नेतात, तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतात. ज्याची रचना जाते त्याला पुढची दारं उघडतात. इतरांच्या रचना एकदा वाजून कपाटात जातात. दोन वर्षांपूर्वी त्या चौघांत टाचणी होती.

त्या कार्यक्रमाहून आई परत आली ती पोशाख न बदलता स्वयंपाकघरात बसली.

"काय झालं?"

"उशीर झाला मला. सातव्या पानाला."

"कितीसा?"

"श्वासाएवढा. पण वादकांनी स्वतः हात उचलून पान ओढलं. डावा हात थांबला."

"एवढंच ना? कुणाच्या बापाला कळलं नसेल."

"निवडणाऱ्यांना कळतं."

"लक्ष कुठे होतं तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानातून वस्तू उचलताना पकडल्यासारखं तोंड करून म्हणाली, "ऐकत बसले गं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निवड आली. टाचणीचं नाव नव्हतं. "पोरीचं वाटोळं केलं मी," आई म्हणाली. मी म्हटलं, फोन कर, बोलून मोकळी हो. "कोणत्या तोंडाने?" असं म्हणून ती उठली आणि ओटा पुसायला लागली, स्वच्छच होता तो. त्यानंतर सभागृहातून बोलावणं आलं की ती गुडघ्याचं निमित्त सांगायची. गुडघे तिचे ठणठणीत होते. संध्याकाळी ती खिडकीशी बसायची आणि मी दिवा लावला की दचकायची. घरात रेडिओसुद्धा लागेनासा झाला.

शेवटी शेवटी इस्पितळात तिने एकदाच तो विषय काढला. "ती टाचणी भेटली कधी, तर सांग. चूक माझी होती म्हणावं. वाजवणाऱ्यांकडे बोट नको दाखवूस म्हणावं."

तालमीला मी लवकर गेले. रिकाम्या सभागृहात पियानो उघडा होता आणि पहिल्या रांगेत टाचणी पाय वर घेऊन बसली होती. खरोखर टाचणीच, डोकं तेवढं मोठं. मला पाहून ती धडपडत उठली.

"ताई ना? व्यवस्थापकांनी सांगितलं मला. काय बोलू कळत नाही."

"काही बोलू नकोस. बस."

"या वर्षी महोत्सववाले म्हणाले, नव्या रचना एकदा सगळेच वाजवतात, दुसऱ्यांदा कुणी वाजवत नाही. म्हणून मागे राहिलेल्यांतल्या काही परत घेतल्यात, तिकडचे आणि इकडचे मिळून. मी म्हटलं, मग पानं उलटायला काकूच हव्यात."

मी ठरवलं होतं की सगळ्यात शेवटी बोलेन, पण मला दम धरवला नाही. "आईने तुला एक सांगायला सांगितलं होतं. मागच्या वेळी सातव्या पानाला उशीर झाला, ती तिची चूक होती. वाजवणाऱ्यांची नाही. तुझी संधी तिच्यामुळे गेली, याचं तिला फार दुःख होतं."

"उशीर झाला होता?"

"तुला कळलं नाही?"

"मी आत नव्हतेच ताई. मी जिन्यात बसले होते, कानात बोटं घालून. माझंच मला ऐकवत नाही. टाळ्या वाजल्यावर कुणीतरी ओढून नेलं मला आत."

"पण निवड?"

"निवड तालमीच्या रेकॉर्डिंगवर झाली होती. तिकडच्या लोकांचं विमान होतं, ते कार्यक्रमाला थांबलेसुद्धा नाहीत. आम्हाला चौघांनाही दुपारीच सांगितलं होतं. रडूनबिडून झालं होतं माझं संध्याकाळपर्यंत."

सभागृहात गार होतं. मी हात बाहीत ओढून घेतले.

"आईला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"पानं उलटणाऱ्यांना कोण सांगतंय," ती बोलून गेली, आणि लगेच तिने ओठ चावला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"खरंच आहे ते."

"त्या दिवशी इथे येताना मी काही खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "काकूंनी विचारलं, जेवलीस का? मी आपलं हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून केळं काढलं आणि म्हणाल्या, खोटं बोलायचं तर तोंडाला काहीतरी लावून तरी यावं. एवढ्या लोकांत तेवढंच कुणी माझ्याशी बोललं होतं. बाकीचे रचनेशी बोलत होते."

मी हसले. ते तिचंच बोलणं होतं. दोन वर्षांनी ते मला एका परक्या मुलीकडून ऐकायला मिळत होतं, आणि ऐकताना वाटत होतं की ते आजच बोललं गेलंय.

तालीम झाली. पियानोवादक म्हातारे गृहस्थ होते, तेच मागच्या वेळचे. "उठतेस आईसारखी," एवढंच म्हणाले. त्यांना मी काही विचारलं नाही.

घरी आले, दार उघडलं, आणि सवयीने तोंड उघडलं. अगं, काही झालंच नव्हतं. जिन्यात बसली होती ती बावळट. दुपारीच लागला होता निकाल. हे सांगावं असं जगात एकच माणूस होतं. मी पादत्राणं काढून तशीच उभी राहिले. जवळजवळ दोन वर्षं ती या खोलीत बसून ज्याची शिक्षा भोगत होती ते एका फोनने मिटलं असतं, आणि तो फोन करायला तिच्याकडे तोंड नव्हतं. शेजारच्यांच्या घरात कुणीतरी मुलाला जेवायला हाक मारत होतं. बराच वेळ हाक मारत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी टाचणी पडद्यामागे पांढरीफटक होऊन उभी होती.

"आज आत बसशील?"

"बघते," ती म्हणाली. "जिना बघून ठेवलाय तसा."

मग दिवे मंद झाले आणि वादक आणि मी मंचावर गेलो. सभागृह वादकाच्या पलीकडे अंधारात होतं, त्यामुळे ती आत बसली की नाही मला दिसलं नाही. मी खुर्चीवर बसले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. वादकाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. चौथ्या पानावर मी तळहात पोशाखाला पुसला.

सहाव्या पानाचा शेवट आला. कागदावर तिथे फारसं काही नाही. उजव्या हाताला विश्रांती, डाव्या हाताला एकच स्वर, तोच तो, लांबलांब अंतरावर, आणि त्यावर टाचणीच्या बारीक अक्षरात 'घाई नको'. एवढंच. इथे आई बसली होती, वाचायचं सोडून. एवढ्या वर्षांत एकदाच तिने आपल्या कामाकडे पाठ फिरवली आणि संगीताकडे तोंड केलं, ते इथे.

मला ऐकायचं होतं. त्यासाठीच मी आले होते, हे मला तेव्हा कळलं.

पण पोरीच्या रचनेचं हे दुसऱ्यांदा वाजणं होतं. तिसऱ्यांदा बहुधा नव्हतं. मी डोळे कागदावर ठेवले, मात्रा मोजल्या, आवाज न करता उठले, डाव्या हाताने कोपरा धरला आणि खुणेसाठी वादकाची मान हलायच्या आत पान उलटून खाली बसले. डावा हात थांबला नाही. पुढे शेवटपर्यंत सगळं नीट झालं. टाळ्या झाल्या. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

रेकॉर्डिंग पाठवते, असं टाचणी म्हणाली आहे. येईल ते, ऐकेनही. पण त्या खुर्चीतून, त्या क्षणी, तिथे काय वाजत होतं, ते मला माहीत नाही.