जिन्यावरून एका दमात

पिक्चर बघण्यासारखा आहे की नाही, हे गादीवालीने कुणाला विचारलं नव्हतं. तरी चार दिवस जो तो येऊन तिला सांगत होता. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडून आला.

"मावशी, परदेशी मारामारी काय चीज असते ते एकदा बघाच. मी दोनदा बघितला. त्या जिन्याच्या सीनला थिएटरात कुणी श्वास घेत नाही."

"तुझ्या दुकानात तरी कोण घेतं?" ती म्हणाली. "वस्तराच तसा चालतो तुझा."

न्हावी हसत परत गेला. ती हसली नाही. तिच्या हातात दाभण होतं, मांडीवर अर्धी शिवलेली गादी होती आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. संध्याकाळी सहा वाजता परदेशातून फोन यायचा होता. ह्याच पिक्चरचा फाइट मास्तर बोलणार होता. पुढच्या पिक्चरमध्ये नायिकेच्या जागी उड्या मारायला त्याला धाकटी हवी होती. तिचे व्हिडिओ त्याने बघितले होते, पसंत केले होते. आता घरातून हो की नाही तेवढं सांगायचं राहिलं होतं. उद्यावर ढकलायची सोय नव्हती.

धाकटी तिची लेक, वीस वर्षांची. वाऱ्यावर टाकलेल्या फडक्यासारखी हलकी, आणि हट्टाला तितकीच जड. थोरला चौतिसाचा. तीन वर्षं तो ह्याच मास्तरच्या हाताखाली होता. पोस्टरवर ज्याचं तोंड होतं त्या हिरोच्या जागी मार खायचा, काचेतून जायचा, छपरावरून पडायचा. आठ महिन्यांपूर्वी अचानक घरी आला. म्हणाला, राहत्या जागी न्हाणीघरात पाय घसरला. तेव्हापासून तो पाठ न टेकता बसायचा, कापसाचा गठ्ठा उचलायची वेळ आली की त्याला नेमकं काहीतरी आठवायचं, आणि स्टुलावरून उठताना आधी कंबर, मग पाठ, असा दोन तुकड्यांत उठायचा. परक्या मुलखातली न्हाणीघरं इतकी गुळगुळीत असतात हे तिला माहीत नव्हतं. पण तिने उकरलं नव्हतं. जिभेला हाड नाही म्हणून सगळीकडे तिचं नाव होतं. ह्या एका गोष्टीपाशी मात्र ती जीभ आवळून बसली होती. कारण पोराला पाठवताना हो तिनेच म्हटलं होतं.

आणि पडायलाही तिनेच शिकवलं होतं. नवरा गेला तेव्हा धाकटी पाळण्यात होती. घरगुती गाद्यांवर भागेना, म्हणून तिने व्यायामशाळांच्या जाड गाद्या शिवायला घेतल्या. तयार गादीवर पडून बघितल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ देत नसे. पोरं माळ्यावर चढायची आणि एकेक करून खाली पडायची. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, कुठल्या कोपऱ्यात कापूस कमी पडला. "हनुवटी छातीला, डावं कोपर पोटाशी," एवढं मात्र ओरडून सांगायची. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं हे सगळं शास्त्र.

"तू न बघताच नाही म्हणणार आहेस," धाकटी दारात उभी राहून म्हणाली.

"आग आहे हे कळायला हात घालून बघायचा का?"

"एकदा बघ. बघून नाही म्हणालीस तर मी शब्द काढणार नाही. एकचा खेळ आहे. तीन तिकिटं काढलीत."

"मी नाही येत," थोरला पटकन म्हणाला. "मी बघितलाय."

"कुठे?"

"तिकडेच."

पिक्चर पुरा व्हायच्या आत तो घरी आला होता. तेवढा हिशेब करायला तिसरी पास व्हावं लागत नाही.

"तू माझ्या शेजारी बसायचं," तिने दाभण गादीत खोचलं. "त्यांची भाषा मला कोण सांगणार? ही तर टाळ्या वाजवण्यात गुंग असेल."

थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. ती मध्ये बसली, एकीकडे धाकटी, दुसरीकडे थोरला. थोरल्याने खुर्चीच्या कडेला बूड टेकवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, शाळेत फळ्यासमोर बसवल्यासारखे.

पिक्चरची गोष्ट समजायला भाषा लागतच नव्हती. हिरोच्या भावाला कुणीतरी मारलं होतं, आणि आता हिरो एकेकाला धुऊन काढत होता. हातापायांची ती चपळाई बघून लोक शिट्ट्या मारत होते. ती मारणाऱ्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष पडणाऱ्याकडे होतं.

आवाजाचा उपयोग नव्हता. तो मागून भरतात हे थोरल्याने कधीतरी सांगितलं होतं. मग तिने डोळे कामाला लावले. छपरावरून माणूस सुटला. हवेत दिसला. टेकायच्या आत चित्र तुटलं आणि तो जमिनीवर लोळताना दिसला. पुलावरून दुसरा गेला. तोही हवेत दिसला, टेकताना दिसला नाही. बाजारातल्या एका मारामारीत तर फळकुटाच्या मागून गादीचा कोपराच क्षणभर डोकावला. ती मनात म्हणाली, शिवण उसवलीय मेल्यांची, पण गादी आहे. गादी आहे म्हटल्यावर तिचे खांदे जरा खाली आले.

मध्यंतरात धाकटीने विचारलं, "कसा वाटतोय?"

"नाक मुरडण्यासारखा नाही," ती म्हणाली. "मास्तरला काम येतं."

धाकटीचा चेहरा फुलला. आईच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्याच्या आईने ओवाळण्यासारखं होतं. गादीवालीच्या मनातही खरंच हो येऊन बसलं होतं. फक्त ते सहाच्या आधी बाहेर काढायचं नाही, पोरगी शेफारेल, असं तिने ठरवलं. थोरला पाणी आणायला म्हणून उठला आणि दिवे गेल्यावरच परतला.

मग तो जिना आला.

आधी थिएटर गप्प झालं, कारण ज्यांनी आधी बघितला होता त्यांनी इतरांना गप्प केलं. दगडी जिना, तीन मजल्यांचा, मधोमध मोकळा. हिरो वरच्या पायरीवर उभा, कॅमेऱ्याकडे पाठ. पाठ दिसल्याबरोबर तिने ती ओळखली. केस कुणाचेही असोत, ती मान तिने तेल लावून चोळलेली होती.

चित्र तुटत नव्हतं. ती वाट बघत होती, आता तुटेल. छातीत लाथ बसली, तो कठड्यावरून मागे गेला, चित्र तुटलं नाही. पहिल्या वळणावर तो खांद्यावर आला, डावं कोपर पोटाशी, हनुवटी छातीला, अगदी शिकवल्यासारखा, आणि तसाच पायऱ्यांवरून पुढे गडगडला. तरी तुटलं नाही. दुसऱ्या कठड्यावर आपटताना कोपर सुटलं. हात हवेत उघडा पडला. आणि मग तो सगळ्यात खालच्या फरशीवर, पाठीवर, सपाट आला, आणि कॅमेऱ्याने ते टेकणंसुद्धा दाखवलं.

गादीवर पडलेला माणूस आधी बुडतो आणि मग वर येतो. हजार वेळा बघितलं होतं तिने. हा बुडाला नाही. हा नुसता थांबला.

थिएटर फुटलं. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. धाकटीही वाजवत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, कट नाही, काही नाही, एका दमात." थोरला आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

ती त्याच्याकडे झुकली. "किती वेळा?"

"काय?"

"किती वेळा पडलास?"

पडद्यावर हिरो उठून उभा राहिला होता, आता तोंड दाखवत.

"तीनदा."

"ह्यात दिसते ती कितवी?"

"पहिली."

धाकटीच्या टाळ्या थांबल्या. तिने ऐकलं होतं.

"पहिलीच चांगली होती, तर पुढच्या दोन कशाला?"

"मास्तरला वाटलं, अजून चांगली होईल. खाली गादी ठेवली की कॅमेऱ्यात दिसते. कट करायचा नव्हता त्याला. तिसऱ्या वेळी मला उठता आलं नाही."

"आणि तू नाही म्हणाला नाहीस."

"तिथे कुणीच म्हणत नाही, आई."

त्यापुढचा उरलेला पिक्चर तिने बघितला की नाही, तिला सांगता आलं नसतं. घरी येताना तिघं एका ओळीत चालली, थोरला मागे. धाकटीने तिसऱ्या वळणावर तोंड उघडलं.

"माझ्या वेळी तसं होणार नाही. प्रत्येक पिक्चरमध्ये जिना थोडाच असतो."

"जिना नसला तर विहीर असेल," ती म्हणाली. "कल्पक माणूस आहे."

"म्हणजे तुझं नाही."

नाही म्हणणं सोपं होतं. पोरीने शब्द दिला होता, ती गिळून बसली असती, आणि जन्मभर तो घास घशात घेऊन फिरली असती. आणि थोरला? तो न्हाणीघरात घसरलेलाच राहिला असता.

आपल्या गाद्यांच्या कारखान्यात आल्यावर तिने दिवा लावला. साडेपाच झाले होते. तिने फोन थोरल्यासमोर, शिवायच्या पाटावर ठेवला.

"तू बोलायचं. त्याला सांग, पोरगी येईल. जिथे टेकायचं तिथे गादी असेल तर पडेल. नसेल तर पडणार नाही. हे आधीच कागदावर लिहून दे म्हणावं."

थोरल्याचा चेहरा पिंजलेल्या कापसासारखा पांढरा झाला. "त्याला असं कुणी सांगत नाही."

"म्हणून तर तू सांग."

"तो फोन ठेवून देईल. चाळीस मुली रांगेत उभ्या आहेत त्याच्याकडे."

"ठेवू दे."

"आई," धाकटीचा आवाज चढला, "तू बघून हो किंवा नाही म्हणणार होतीस. ही अट कुठून काढलीस?"

"माझ्या धंद्यातून."

"माझं आयुष्य आहे हे."

"म्हणूनच गादी मागतेय. माझं असतं तर घोंगडीवर भागवलं असतं."

धाकटी पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली. थोरला स्टुलाच्या कडेला टेकला. गादीवालीही बसली, गादी मांडीवर घेतली आणि टाके घालायला लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

सहाला दोन मिनिटं असताना फोन वाजला. थोरल्याने तो चार वेळा वाजू दिला. मग उचलला आणि हसला. ते हसणं तिने ह्यापूर्वी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दारात आलेल्या मोठ्या गिऱ्हाइकाला बघून नोकर हसतात तसलं होतं. पलीकडचा मोठ्याने, खुशीत बोलत होता. थोरला हं हं करत होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. तो निरोप सोडून सगळं बोलत होता, हे भाषा न कळताही तिला कळत होतं. दाभण तिच्या बोटात गेलं. तिने बोट तोंडात घातलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं.

तो स्टुलावरून उठला, दोन तुकड्यांत. उभा राहिला आणि एक वाक्य बोलला. सावकाश, शब्द मोजून.

पलीकडून पुष्कळ बोलणं झालं, आता खुशी नव्हती त्यात. थोरल्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा बोलला. पहिल्याहून जरा मोठ्याने. खिडकीशी धाकटीने मान वळवली. वर्षभर ती भाषा शिकत होती ती.

थोरल्याने फोन तिच्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय त्याला."

धाकटीने घेतला. पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. गादीवालीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती लेकीची नजर बघत होती. लेक बघत होती थोरल्याकडे. त्याने भिंतीला एक हात लावला होता, कुणाचं लक्ष नसेल अशा समजुतीत, आणि पाठीतली कळ ओसरायची वाट बघत डोळे मिटले होते.

धाकटी चार-पाच शब्द बोलली. मग फोन कानावरून काढून फोनकडेच बघत राहिली.

"काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"दादा म्हणाला तेच."

"आणि तो?"

"ठेवला त्याने."

थोरला खाली बसला. त्याने कपाळ पुसलं.

"विचारत होता," तो म्हणाला, "की तू कधीपासून गादी मागायला लागलास."

कुणी हसलं नाही. धाकटीचे डोळे भरले होते, पण तिने पाणी खाली पडू दिलं नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"आता दोन दिवस तू माझ्याशी बोलू नकोस. चांगलं बोलू नकोस, वाईट बोलू नकोस. समजूतही काढू नकोस."

गादीवालीने मान हलवली.

मग धाकटीने तिच्या मांडीवरची गादी ओढून घेतली, पलीकडे जाऊन फतकल मारली आणि रागारागाने टाके घालायला लागली. थोरला गादीचं दुसरं टोक धरून बसला. दोरा कचाकच ओढला जात होता. टाके फार आवळत होते. अशा गादीत कापसाच्या गाठी होतात, महिन्याभरात ती परत येते, आणि सगळं उसवून पुन्हा शिवावं लागतं. चाळीस वर्षांत असला टाका गादीवालीने कुणाला दोनदा घालू दिला नव्हता.

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.