बिनदाराचं कपाट

शिवणकाम करणाऱ्या सुनेच्या खोलीत अर्धवट शिवलेले कपडे भिंतभर दोरीवर लटकलेले असायचे. नजरेआड झालेलं काम तिच्या डोक्यातूनही पार पुसलं जायचं. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी हे नाव दिलं होतं, पण दोरीचा उपाय तिचा स्वतःचा होता.

काल पाहुणे येणार म्हणून सासूबाईंनी सगळं कपाटात कोंबलं. आज गिऱ्हाईक बाई दारात उभी राहिली, तेव्हा कुठे सुनेला तिचा ड्रेस आठवला. त्याला बाह्यासुद्धा लावलेल्या नव्हत्या.

"संध्याकाळी घालायचाय मला. नाही मिळाला, तर पुन्हा तुमची पायरी चढणार नाही," असं म्हणून बाई फणकाऱ्याने निघून गेली.

"तरी मी म्हणत होते, हे काम तुला झेपायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"झेपतं, आई. डोळ्यांसमोर असलं की झेपतं."

तिने पेचकस आणला आणि कपाटाच्या बिजागऱ्या खोलायला घेतल्या. दार अंगावर पडेल म्हणून सासूबाईंनी घाईने ते धरलं.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिच्याकडे किती काम आहे! आता दुसरं दार धरा. मला बाह्या लावायच्यात."