हातावरचं नाव

सकाळी दुकान उघडलं की धाकटी आधी बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायची. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचे हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच असतात. फ्रेम कानामागे नीट बसवताना बाही सरकायची आणि गोंदलेलं नाव दिसायचं. मग कुणीतरी कौतुकाने विचारायचं, मिस्टरांचं का? मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे ती कुणाकुणाला सांगत बसणार?

ते नाव तिने मागितलं नव्हतं. त्यांच्यात लग्न ठरलं की नवरीच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदायची रीत होती. नवऱ्याच्या हाताला मात्र कुणी सुई लावत नसे. तिचा नवरा अपघातात गेला आणि सासरच्यांनी तिला वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं. नाव तेवढं तिच्याकडे राहिलं.

आता एक स्थळ आलं होतं. छापखान्यात काम करणारा, बायको वारलेला, शांत माणूस. धाकटीला तो आवडलाही होता. त्याच्या आईची अट एकच, हात स्वच्छ करून घ्या. आई आणि दादा हुरळून गेले, आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही ते नाव जायला हवंच होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की हे खोडरबराचं काम नाही. लेझर शाई फोडतो, ती शरीर हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन खेपांमध्ये काही आठवडे थांबावंच लागतं. डोळ्यांवर काळा चष्मा, फोडणीचं तेल उडावं तसे चटके आणि जळल्या केसांचा वास. घरी आल्यावर फोड. फोडांवर मलम लावायला कुणी नसायचं, पण नाव किती गेलं ते बघायला सगळे हजर. आई रोज तिचा हात धरून खिडकीशी न्यायची. दादाचं टुमणं वेगळंच, मशीनचा जोर जरा वाढवायला सांग, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. धाकटीच्या नाकी नऊ आले होते. चटके हिला आणि घाई त्यांना.

चौथ्या खेपेला आईबरोबर होणाऱ्या सासूबाईही स्वतः दवाखान्यात आल्या. त्यांनी धाकटीचा हात उजेडात धरला. नावाची नुसती फिकट सावली उरली होती.

"छान गेलंय की," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "आता इथे आमच्या मुलाचं नाव कधी गोंदता येईल? लग्नाआधी झालेलं बरं."

धाकटीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. म्हणजे आईला माहीत होतं, दादालाही. ज्या हातावर गोंदायचं, त्या हाताच्या मालकिणीला तेवढं कुणी विचारलं नव्हतं. तिला संताप आला आणि रडूही आलं.

"त्यांच्या हातावर पहिल्या बायकोचं नाव आहे का?" तिने विचारलं.

"पुरुषांना कोण गोंदतं?" सासूबाई खरोखरच गोंधळल्या.

"मग मलाही नको."

संध्याकाळी तिने छापखान्यातल्या त्या माणसाला फोन केला. तिला अजून आशा होती. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आईचं मन मोडायला नको. आपण दंडावर घेऊ ना. कुणाला दिसायचंही नाही."

"मला दिसेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

स्थळ गेलं. आईने बोलणं टाकलं. हातचं घर घालवलंस, म्हणून दादा येता-जाता टोमणे मारत राहिला. पुढच्या खेपेला धाकटी एकटीच गेली आणि घरी येऊन तिने मलमही स्वतःच लावलं.

आता दादाच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. गोंदणाऱ्या बाईला निरोप गेला, तेव्हा धाकटी दादासमोर जाऊन बसली. भांडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती एवढंच म्हणाली, की आधी जावयाला शेजारी बसवा, त्याच्या हातावर पोरीचं नाव गोंदा, मग पोरीला सुई लावा.

"वेडी आहेस का?" दादा उसळला. "असं आयुष्यभराचं कुणी अंगावर घेतं का? उद्या काही बरंवाईट झालं, तर त्याने काय करायचं?"

मुलगी दारात उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघेना.