पाण्याची पाळी

अमडापूरच्या मंडळीतले लोक सोजराबाईला तोंडावर ‘उपदेशकीणबाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कोरडी’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. पहिलं नवऱ्यामुळे मिळालेलं होतं, दुसरं तिनं स्वतःच कमावलं होतं.

नवरा इंद्रभान हा मूठभर ख्रिस्ती घरांच्या त्या मंडळीचा उपदेशक. पगार नावाला, पण गळा असा की आठवडी बाजारात तो उभा राहिला की मिरचीवाले तागडी हातात तशीच धरून ऐकत राहत. अमडापूर असो की डोणगाव, जिथं बाजार तिथं इंद्रभान. विषय एकच: माणसानं पवित्र आत्म्यानं भरून जायला हवं, नुसतं बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर घेऊन भागत नाही. हे सांगताना तो एक मडकं पुढ्यात ठेवी आणि काठावरून सांडेपर्यंत त्यात तांब्यानं पाणी ओतत राही. “असं भरा! सांडलं पाह्यजे, शेजाऱ्याचे पाय भिजले पाह्यजे!” लोक माना डोलवत. मडकं सोजराबाईचं असे, पाणी तिनंच विहिरीवरून आणलेलं असे आणि टोमणाही बहुतेक तिलाच असे.

कारण उपदेशकाची स्वतःची बायकोच भरली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दर साली कापूस वेचून झाला की खामगावला आसपासच्या मंडळ्यांची मोठी सभा होई. मांडव, सतरंज्या, पेटी-तबला आणि सकाळ-संध्याकाळ उपदेश. शेवटच्या दिवशी, ज्यांना आत्म्यानं भरलं त्यांनी उभं राहून साक्ष द्यावी, असं सांगत. मग कोणी थरथरे, कोणी रडे, कोणाच्या अंगातून आगीचा लोळ गेलेला असे. सगळ्यांत आधी इंद्रभान उभा राही. त्याची बायको मात्र शेवटपर्यंत पायाच्या अंगठ्याकडे बघत बसून असे.

खोटं सांगून उभं राहणं काही अवघड नव्हतं. शेजारच्या दोघीतिघी कशा उभ्या राहतात हे तिला चांगलं कळत होतं. पण वांगं किडकं असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगून टाकणारी बाई ती. त्यात इंद्रभानचीच एक आवडती गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती. पहिल्या काळातले एक नवराबायको पवित्र आत्म्याशी खोटं बोलले आणि दोघंही जागच्या जागी मरून पडले. इंद्रभान ती गोष्ट फार रंगवून सांगे, माणूस कसा कोसळला तेही करून दाखवी. पोरं हसत. सोजराबाईला कधी हसू आलं नाही.

“काऊन वं, तुले काईच कसं वाटत नाई?” घरी आल्यावर तो विचारी.

“नाई वाटत त काय करू? उसनं आनू?”

असं वर्षानुवर्षं चाललं. त्यांची एकुलती एक पोर रिबका लहानपणीच तापानं गेली होती. नंतर मूल झालं नाही. घरात दोन माणसं, परसात चार कोंबड्या आणि गावाबाहेर सोजराबाईच्या बापाकडून आलेला भाजीचा तुकडा. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा भाऊबंदांनी मळा तोडून दिला, बोलणं टाकलं, पण विहीर काही तोडता येईना. म्हणून मोटेचं पाणी पाळीनं मिळे. पाळी चुकली की आठवडाभर वाट बघायची.

महाराष्ट्र राज्य अजून नवं नवं होतं, त्या दिवसांत इंद्रभानला खोकल्यानं धरलं. आधी गळा गेला, मग अंग गेलं. ज्या गळ्यानं बाजार थांबायचा त्यातून आता शीळ वाजल्यासारखा आवाज येई. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलं, तेव्हा त्याचा अर्थ दोघांनाही कळला. दारातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून तो दिवसभर पडून राहू लागला.

खामगावची सभा जवळ आली, तसा त्यानं धोशा लावला.

“या खेपेले तू जाय.”

“तुमाले टाकून? खुळे झाले काय?”

“शेजारची बेबीताई पाहीन माह्याकडे. तू जाय.” तो बराच वेळ खोकला. “मी आता रायत नाई, सोजरे. माह्या मांगं घर रिकामं अन् त्यात तूबी रिकामी. कसे दिवस काढशीन? तू भरून आलीस त मी सुखानं जाईन.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती. म्हणून ती गेली.

खामगावला तिनं या वेळी अंगठ्याकडे पाहिलं नाही. डोळे गच्च मिटले, पदर पसरला आणि जीव तोडून मागितलं. देवा, माह्यासाठी नको देऊ, पन त्या मानसासाठी दे. मांडवात उकडत होतं. बाजूला कोणाचं तरी लेकरू किरकिरत होतं. तिच्या मनात पुन्हा पुन्हा हेच येत होतं, की बेबीताईनं पेज गाळून पाजली असेल का. आग आली नाही. अंग थरथरलं नाही. बाकीच्या बाया उभ्या राहिल्या आणि सोजराबाई बसून राहिली.

परतीच्या एसटीत तिनं ठरवून टाकलं. मेले तर मेले, पण खोटं बोलायचं.

बाजेवर तो आणखीच आटलेला दिसला. तिला पाहताच त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. तोंडानं विचारायच्या आधी डोळ्यांनीच विचारलं.

“हाव,” सोजराबाई म्हणाली. “झालं. मी भरली.”

आणि ती तिथंच उभी राहिली. आता कोसळणार म्हणून तिनं बाजेचा खूर धरला होता. कडुलिंबाची दोन वाळकी पानं पडली, एक कोंबडी पायाजवळून गेली. बाकी काही झालं नाही.

तिला वाटलं होतं, आता त्याच्या तोंडावर हसू येईल. हसू आलं नाही. त्यानं वाळक्या बोटांनी तिचं मनगट धरलं आणि लेकरानं खाऊ मागावा तसं विचारलं,

“कसं असते वं ते?”

“म्हंजे?”

“सांग ना. खरंखरं सांग. मी जलमभर लोकायच्या साक्षी ऐकू ऐकू बोललो. कोनी म्हने आग, मी म्हनलं आग. कोनी म्हने वारा, मी म्हनलं वारा. सोजरे, माह्या अंगात कधी काईच आलं नाई.”

सोजराबाईला आधी राग आला. येणारच. ज्या माणसानं दर साली सगळ्यांदेखत तिला खाली बसवून ठेवलं, घरचं मडकं बाजारात नेऊन तिचाच कोरडेपणा गावोगाव मिरवला, तो स्वतः ठणठणीत कोरडा! दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो तिच्या तोंडाकडे असा बघत होता की राग टिकला नाही. एवढा मोठा खोटेपणा या माणसानं एकट्यानं वाहिला होता आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला पत्ता नव्हता, याचंच तिला वाईट वाटलं.

आता सांगावं काय? एक खोटं कसंबसं निघालं होतं, दुसरं निघेना. तेव्हा तिच्याजवळ जे एवढंसं होतं, कोणाला कधी न सांगितलेलं, तेच ती बोलू लागली.

“रिबकाले माती देऊन आलो ना आमी, तवाची गोष्ट.”

इंद्रभानचे डोळे हलले. रिबका गेली तेव्हा तो डोणगावच्या बाजारात होता. निरोप पोचून तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

“त्या दिवशी आपल्या पान्याची पाळी होती. बाया म्हने, जाऊ दे तुही मेथी. पन घरात मले बसवेना. फावडं घेतलं अन् गेली. वाफ्यात पानी सोडलं अन् बांधाच्या धुऱ्यावर बसली. रडू येत नव्हतं, काईच येत नव्हतं. अन् मंग अजी, कोनी तरी बाजूले येऊन बसल्यावानी वाटलं.”

“कोन?”

“दिसलं नाई. बोललंबी नाई. पोर गेली ते दुख तसंच होतं, तीळभर कमी नाई. पन मी एकटी नव्हती. वाफा भरत होता, अन् आतून मलेबी हळूहळू कोनी भरून राह्यलं होतं. आवाज नाई, काई नाई. मंग मी उठली. पलीकडं रुखमाकाकूची वांगी सुकून चालली होती. तीच ती रुखमाकाकू, जिनं बापाच्या बाप्तिस्म्यापासून आपल्या हातचं पानी घेतलं नाई. तिची पाळी नव्हती. म्या आपलं पानी तिच्या वांग्यायले सोडलं. तिच्यावरचा राग कुठी गेला, माहं मलेच समजलं नाई.”

“मंग सांगितलं काऊन नाई कधी?”

“लाज वाटली. पोर मातीत अन् मायले शांत वाटते, हे कोन्या तोंडानं सांगू? अन् तुमी त म्हनत होते, आग येते, अंग थरथरते.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “खामगावले काई झालं नाई. म्या तुमच्यासाठी खोटं सांगितलं.”

इंद्रभाननं नजर कडुलिंबाकडे वळवली. त्याच्या गळ्यातून शीळ निघाली.

“त्या दिवशी मी डोनगावात गळा फाडू फाडू देवाले बलावत होतो. अन् तो इथी मेथीच्या वाफ्यात तुह्यापाशी बसला होता.”

तो रडला. आवाज उरला नव्हता, नुसती छाती हलत होती.

“माह्यापाशी काऊन नाई बसला वं कधी?”

चिखलीच्या पाळकांकडेही याचं उत्तर असेल, असं सोजराबाईला वाटलं नाही. ती बाजेच्या काठावर टेकली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्याच आठवड्यात इंद्रभान गेला. सकाळची वेळ होती. तो एवढंच म्हणाला, “तहान लागली.” तिनं चमच्यानं पाणी घातलं. पहिला घोट गेला. दुसरा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर उतरला.

माती द्यायला चिखलीहून निवृत्तीराव पाळक आले. गर्दीही झाली, बाजारातले मिरचीवालेसुद्धा आले. पाळकांनी सांगितलं, इंद्रभानजी म्हणजे काठोकाठ भरलेलं भांडं होतं आणि आपण सगळे त्यातून प्यालो. हे ऐकताना मात्र सोजराबाईला हुंदका आवरेना. मग पाळक तिच्याकडे वळले. “उपदेशकीणबाई, जाताना ते काय बोलले? मंडळीला सांगा. तेवढाच आधार.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

“तहान लागली म्हने,” ती म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघू लागले. पाळकांनी घसा खाकरला आणि गीत सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. बेबीताई म्हणाली, आज राहू द्या. सोजराबाईनं फावडं उचललं आणि मळ्याची वाट धरली. वाफ्यात पाणी सोडून ती धुऱ्यावर बसली. बसताना तिनं अंग थोडं सावरून घेतलं, शेजारी कोणाला जागा लागावी तसं. पाणी मेथीच्या बुडाशी पसरत गेलं. पलीकडच्या शेतात बैल पाय ओढत होते. तिनं वाट पाहिली आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण चुकीचं मागतो आहोत.

“आज माह्यापाशी नको बसू,” ती मोठ्यानं म्हणाली. “त्याच्यापाशी बस. त्यानं लय वाट पाह्यली तुही.”

वाफा भरला होता. ती उठली आणि तिनं पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.