थंड चेनचं माप

माझा दादा बावीस वर्षं एकाच यंत्रावर उभा होता आणि त्या यंत्राने त्याला एका दिवसात खोटं पाडलं. त्यात यंत्राचा दोष नाही. दोष माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

यंत्राचं नाव स्टेंटर. धुऊन, रंगवून ओलं असलेलं कापड त्याच्या तोंडाशी द्यायचं. दोन्ही बाजूंना लांबलचक चेन फिरत असतात, त्यांच्यावर बारीक पिना. पिना कापडाचे काठ पकडतात आणि ताणलेलं कापड भट्टीसारख्या गरम पेटीतून पलीकडे नेतात. पलीकडच्या टोकाला दोन मोठी दातेरी चाकं या चेन ओढतात. दोन्ही चेन बरोबरीने चालल्या की कापड सरळ. डावी एक दात जरी मागे राहिली, तरी आडव्या रेघा तिरक्या होतात. मग त्या कापडाचा शर्ट घालणारा जन्मभर एका खांद्याने वर दिसतो.

दादा तोंडाशी उभा राहून कापड द्यायचा. मी तिथेच फिटर. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला शिकवलं त्याने, कामाला चिकटवलं त्याने. बाई फिटर म्हणून लोकांनी आधी हसून घेतलं, मग माझी मापं बघून गप्प बसले आणि मला ‘मायक्रो’ म्हणायला लागले. मला ते नाव आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, तिथेच घोळ झाला.

दोन महिने कापड तिरकं येत होतं. साहेबांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या मॅनेजरने, निदान करून टाकलं, “याचं वय झालं. हात सरळ राहिला नाही.” हे त्यांनी दादासमोर, चार माणसांत म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या चाकाचे दात झिजून आकड्यांसारखे झाले होते आणि चेन त्यांच्यावरून उडी मारत होती. आंधळ्यालाही कळलं असतं. पण चाक बदलायचं तर चेन तोडावी लागते, तीन दिवस यंत्र बंद ठेवावं लागतं. त्यापेक्षा माणसाला दोष देणं सोपं, त्याला काहीच बंद ठेवावं लागत नाही.

मी साहेबांकडे नव्या चाकाचा नकाशा घेऊन गेले. चाकाचा मधला भाग कायमचा ठेवायचा. दात मात्र सहा सुट्या तुकड्यांवर कापायचे आणि ते बोल्टने बसवायचे. चाकाच्या अर्ध्या भागावर चेन असते, अर्धा मोकळा असतो. चाक थोडं थोडं फिरवत मोकळ्या बाजूचा एकेक तुकडा बदलायचा. नवं चाक बसवताना चेन एकदाच तोडायची, पुढे कधी तिला हात लावायचा नाही, अर्ध्या तासात काम खलास. कारखान्यात लगेच त्या तुकड्यांना पाकळ्या म्हणायला लागले.

“कर,” साहेब म्हणाले. “पण नव्या चाकावरही कापड तिरकं आलं, तर दोष चाकाचा नाही, माणसाचा. कबूल?”

मी दादाला न विचारता कबूल म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं माप घ्यायला गेलो. यंत्र बंद, सगळीकडे शांत. मी चेनची एकेक कडी मोजली. दादा बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, “चालू असताना ही चेन वेगळीच वाटते गं.”

“वाटणं मोजता येत नाही, दादा.”

“बरं बाई. तू म्हणशील तसं.”

जुन्या चाकात कडीला हलायला जागा होती. मला तो गबाळेपणा वाटला. मी दातांमधल्या खाचा अगदी घट्ट कापल्या, केसाचाही वाव ठेवला नाही. पाकळ्यांचे दोन संच केले, एक बसवायला आणि एक राखीव. तपासणीच्या कागदावर ‘माप बरोबर’ लिहून झोकात सही ठोकली. घरी वहिनी म्हणाली, “तुम्ही दोघं भावंडं जेवतानासुद्धा चाकंच चावता.”

चाचणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता यंत्र सुरू झालं. पहिली वीस मिनिटं कापड असं सरळ आलं की रेघांवर पट्टी ठेवावी. लोक टाळ्या वाजवायला लागले. दादाने पलीकडून माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. मग पेटी पुरती तापली आणि डावीकडून ‘टक’ असा आवाज आला. पुन्हा ‘टक’. रेघा कलल्या. मी चाकाकडे धावले. चेन माझ्या नव्याकोऱ्या दातांच्या डोक्यावर चढून घसरत होती.

साहेबांनी यंत्र बंद करायला लावलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “चाक तर नवीन आहे.” आणि दादाला केबिनमध्ये बोलावलं.

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. डोकं बधिर झालं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी मापाची पट्टी चेनला लावली आणि ती बसेना. सुट्टीच्या दिवशी याच चेनला याच पट्टीने मी बारा कड्या मोजल्या होत्या. आता बारावी कडी पट्टीच्या बाहेर डोकावत होती, जेमतेम दोन मिलिमीटर. चेनला हात लावला आणि चटका बसला.

तापल्यावर लोखंड वाढतं. हे शाळेत शिकवतात. मी थंड चेनचं माप घेतलं, अचूक घेतलं आणि त्या अचूक मापाने माझ्या भावाचा गळा कापला. जुनं गबाळं चाक मूर्ख नव्हतं. त्यात वाढलेल्या चेनसाठी जागा ठेवलेली होती.

जेवणाची सुट्टी झाली होती. मी कुणाला काही न विचारता सहाही पाकळ्या काढल्या, वर्कशॉपमध्ये नेल्या आणि खाचा घासून मोठ्या केल्या. माप मात्र चुकू दिलं नाही. घासताना एकच विचार होता, दादाला यंत्रावर उभं करायचं आणि साहेबांना सरळ कापड दाखवायचं. पाकळ्या बसवून बोल्ट आवळेपर्यंत दोन वाजले. मान वर केली तर यंत्राच्या तोंडाशी दुसऱ्या यंत्रावरचा माणूस उभा होता. त्याला सगळे पैलवान म्हणत. वजन असेल पंचेचाळीस किलो.

“दादा कुठे आहे?” मी विचारलं.

“घरी गेले, ताई,” तो खाली बघत म्हणाला. “सही करून गेले. माझाच हात चुकला, असं लिहून दिलंय त्यांनी.”

मी उठेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं. पेटी तापली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. टक नाही की टुक नाही. कापड सरळ, नजर लागावी इतकं सरळ. मी केलेलं चाक उत्तम चाललं होतं आणि मला ते हातोड्याने फोडून टाकावंसं वाटत होतं.

साहेब हात मागे बांधून आले. “पाहिलंस? माणूस बदलला, कापड सरळ आलं.”

“साहेब, मी दुपारी दात घासलेत. माझं माप चुकलं होतं. चेन तापली की वाढते.”

“मापाच्या कागदावर सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग सकाळी बरोबर असलेलं माप दुपारी चुकलं? लोखंडाला ताप भरतो का?” ते हसले. “भावाची माया असावी, पण इतकी नको. जा, कामाला लाग.”

घरी गेले तर दादा भिंतीला टेकून बसला होता. मी चपलाही काढल्या नाहीत. “सही का केलीस?”

“साहेब म्हणाले, चाक चुकलं असेल तर फिटर जाईल, हात चुकला असेल तर मी. दोघांपैकी एकाचं नाव लागणार होतं.” तो शांतपणे म्हणाला. “माझी किती वर्षं राहिलीत? तुझं अख्खं आयुष्य पडलंय.”

“अरे, पण चूक माझीच होती!”

मी त्याला सगळं सांगितलं. पट्टी, चटका, दोन मिलिमीटर. त्याने ऐकून घेतलं, लहान पोराचं ऐकतात तसं. मग म्हणाला, “पैलवानाच्या हाताने कापड सरळ आलं म्हणे.”

“मी खाचा मोठ्या केल्यावर आलं.”

“असेल.” त्याने दोन्ही हात समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. “नाहीतरी हल्ली सकाळी बोटं आखडतात. मी कुणाला बोललो नव्हतो. गेला असेल हात. तू माझं मन राखायला सांगतेयस, कळतंय मला.”

त्याची नोकरी गेली, ते मी एक वेळ सहन केलं असतं. पण तो स्वतःच्या हातांकडे परक्यासारखा बघत होता. खोटी सही त्याने माझ्यासाठी केली होती आणि संध्याकाळपर्यंत ती त्याला स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. मी त्याच्या पाया पडले, भांडले, रडले. त्याने फक्त माझ्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी कारखान्यात गेले. चांगल्या पाकळ्या काढल्या आणि राखीव संच बसवला. तोच, थंड मापाचा, न घासलेला. कापड खराब होणार हे मला ठाऊक होतं. आपल्या हाताने चांगलं यंत्र बिघडवणाऱ्या फिटरला काय म्हणतात, तेही ठाऊक होतं. तरी एकेक बोल्ट आवळला.

पैलवानाने यंत्र सुरू केलं. मी साहेबांना बोलावून आणलं, सगळ्या खात्याला हाका मारल्या आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. “वीस मिनिटं थांबा.”

अठराव्या मिनिटाला ‘टक’ झालं. रेघा कलल्या, हुबेहूब कालच्यासारख्या. पैलवान दोन्ही हात वर करून ओरडला, “मी काही केलं नाही! देवाशपथ, माझा हात सरळ होता!”

“कालही सरळच होता,” मी म्हणाले. “दादाचा.”

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना पटलं होतं, ते मला दिसत होतं. म्हणूनच ते इतके चिडले. “तो लेखी खोटं बोलला आणि तू मुद्दाम कापड नासवलंस,” ते म्हणाले. “मला दोघंही नकोत. चांगल्या पाकळ्या बसव आणि चालती हो.”

मी बसवल्या. एकेक बोल्ट दोनदा तपासला. मग नासलेल्या कापडाचा हातभर तुकडा कापून पिशवीत टाकला आणि निघाले.

दादा कालच्याच जागी बसलेला होता. मी तुकडा त्याच्या मांडीवर टाकला. “हे पैलवानाच्या हातचं. आज सकाळचं.”

त्याने तो उचलला, उजेडात धरला, रेघांवरून अंगठा फिरवला. काठावरची पिनांची भोकं मोजली. बावीस वर्षांचं ज्ञान होतं ते, माझ्या सांगण्याची गरजच उरली नव्हती. त्याचा श्वास जोरात चालू झाला.

“डावी चेन,” तो म्हणाला. “एक दात मागे. हे हाताने होतच नाही. हाताने झालं तर काठाला चुण्या पडतात. इथे चुणी नाही, बघ, एकही चुणी नाही!”

“नाही.”

“तू राखीव पाकळ्या घातल्यास? चांगल्या चालणाऱ्या यंत्रात?”

“हो.”

“तुला काढलं?”

“काढलं.”

“गाढव आहेस,” असं म्हणून त्याने मला जवळ ओढलं आणि मोठमोठ्याने रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. रडता रडताच त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, ऐकलंस का? माझा हात गेलेला नाही! चाक होतं ते, चाक!”

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघून हसली, खरंच हसली. मग पदराने हात पुसत तिने हळूच विचारलं, “मग उद्या सकाळी डबा कुणाचा भरू?”