वाकडा स्फटिक

थोरलीने स्फटिकावर तांब्याचे जुने नाणे दाबून ओढले. ओरखडा उठला नाही. उलट नाण्याचाच तांबूस माग राहिला. मग चाकूचे टोक. आता मात्र बारीक पांढरी रेघ उमटली.

“काय गं ताई, बोल ना लवकर.”

“दगड कुठे पळून जातोय?”

खाणीतले दगड निवडायच्या या शेडमध्ये थोरलीला तेवीस वर्षे झाली होती. धाकट्या बहिणीला जेमतेम सात महिने. तिला भिंग धरायलाही थोरलीनेच शिकवले. आणि काल, थोरलीने टाकाऊ म्हणून लोटून दिलेल्या खोक्यातूनच धाकटीने हा स्फटिक उचलला. काचेसारखा चकचकीत, हाताला हलका, कडा पाठीत बाक आल्यासारख्या वळलेल्या. झिओलाइट जातीचा असा वाकडा स्फटिक थोरलीने फक्त पुस्तकात पाहिला होता. त्या पानाचा दुमडलेला कोपरा आता तुटायला आला होता. असा दगड संग्रहालयाच्या कपाटात गेला, की खाली शोधणारीचे नाव लागते.

तिने धाकटीकडे पाठ केली आणि ॲसिडचा थेंब सोडला. नेहमीचा कॅल्साइट असता तर चरचरून फेस आला असता. थेंब गप्प बसून राहिला.

थोरलीने तो फडक्याने टिपून घेतला.

“कॅल्साइट आहे. ढिगाने सापडतो.”

“नक्की?”

“आता तू मला शिकवणार?”

“तसं नाही गं. तू म्हणतेस म्हणजे असेल.” धाकटीने दगडाला हात लावला नाही. त्याचा डबा तेवढा पुढे सरकवला. “राहू दे तुझ्याकडेच. मी चहा टाकते.”

ती आत गेल्यावर थोरलीने डबा उघडला. कापसावर बूच लावलेली काचेची नळी होती. तळाशी त्याच दगडाची तापून दुधाळ झालेली कपची, आणि वर काचेला चिकटलेले पाण्याचे बारीक थेंब. झिओलाइट तापवला की आतले पाणी सोडतो, कॅल्साइट सोडत नाही. हे तिनेच धाकटीला पहिल्या आठवड्यात करून दाखवले होते.

नळीखाली संग्रहालयाचे कार्ड होते. ‘शोधणारी’पुढे धाकटीचे नाव. ‘ओळख पटवणारी’पुढे थोरलीचे, जरा मोठ्या अक्षरात. दगडाच्या नावाची जागा कोरी.

“ताई, साखर नेहमीचीच ना?”

थोरलीने पेनचे टोपण काढले होते. कोऱ्या जागेत ‘झि’ एवढे उमटले होते.