स्टेबल

लिफ्ट दुरुस्त करताना तो दुसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. डोक्याला जबर मार बसला. आयसीयूबाहेरच्या बाकावर त्याची बायको पाच दिवस बसून होती. शिवणकाम करणारी बाई. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. दिवसातून दोनदा आत सोडत, पण ती दारातूनच बघून परत येई. झोपलेत, झोपू देत.

रोज अकराला डॉक्टर घाईघाईने बाहेर येत. "स्टेबल आहेत," एवढं सांगून पुढे जात.

शब्द तिला परका नव्हता. घरी फ्रीजला नवऱ्याने स्टॅबिलायझर बसवला होता, तेव्हापासून फ्रीज सुरळीत चालत होता. म्हणजे सगळं सुरळीत.

संध्याकाळी दिराचा फोन यायचा. तो दुसऱ्या शहरात क्रेन चालवायचा.

"वहिनी, निघू का?"

"धावतपळत नका येऊ, भावजी. डॉक्टर रोज स्टेबल म्हणतात. तुमचे दादा चिवट आहेत."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

सहाव्या दिवशी अकरालाही तोच शब्द. तीन वाजता नर्सने तिला आत बोलावलं. सगळं संपलं होतं.

"सकाळी तर स्टेबल म्हणालात?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "स्टेबल म्हणजे आहे तसे, ताई. आणखी बिघडलं नाही, इतकंच. बरे आहेत, असं मी म्हटलं नव्हतं."

खरंच म्हटलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

दीर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. तिला मान वर करवेना.

"मी तुम्हाला अडवलं, भावजी. मला मेलीला शब्दच कळला नाही."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला कळत होता, वहिनी."

"काय?"

"अर्थ. आमच्या साइटवरचा एक जण महिनाभर स्टेबल होता. उठला नाही. तुम्ही 'नका येऊ' म्हणायचात आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. दादाला तसं बघायची हिंमत नव्हती माझ्यात."

तिच्या ओठांवर काहीबाही आलं. एकदा जरी सांगितलं असतंत, तर मी आत जाऊन त्यांचा हात धरून बसले असते. ते तिने गिळलं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

त्याने दोन घास खाल्ले. संध्याकाळी पिशवी उचलली.

"येतो, वहिनी."

"या."

परत कधी, ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.